फेरनमुना

वंगणतेलांच्या प्रयोगशाळेत तिला समोरून सगळे 'ताई' म्हणत आणि तिची पाठ वळली की 'फेरनमुनेबाई'. दुसरे नाव तिच्या कानावर आलेले होते, आणि त्यात तिला वावगे काही वाटत नसे.

बस आगारांतून, खाणींतून, मासेमारीच्या बोटींवरून बोटभर उंचीच्या पारदर्शक बाटल्या तिच्या टेबलावर येत. प्रत्येकीत कुठल्या तरी इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे थोडे तेल. यंत्र त्यातला थेंब जाळून त्यात कोणता धातू किती उतरला आहे ते सांगे. लोखंड वाढले तर दाते झिजत आहेत, तांबे वाढले तर दांडे ज्यांत फिरतात ती बुशे, सिलिकॉन वाढले तर बाहेरची धूळ आत शिरते आहे. आकडे देणे हे यंत्राचे काम. आकड्यांखालच्या चौकटीत अभिप्राय लिहिणे हे तिचे. त्या चौकटीत तिने आयुष्यभर इतर कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक वेळा एकच वाक्य लिहिले होते : 'निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. फेरनमुना पाठवावा.'

हा कामचुकारपणा नव्हता. एका नमुन्यावरून गिअरबॉक्सबद्दल बोलणे म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र पाहून तो घरात शिरतो आहे की घराबाहेर पडतो आहे ते सांगणे, असे तिचे मत होते. नव्याने कामाला लागलेल्यांना ती सांगे, स्वच्छ तेलाइतके फसवे काही नाही. कालच ओतलेले तेल मरायला टेकलेल्या गिअरबॉक्समध्येही आज लखलखीत दिसते. ते तेलाचे वय सांगते, यंत्राचे नव्हे. बाटल्यांवर केवळ क्रमांक असावा, मालकाचे नाव वाचणाऱ्याच्या नजरेला पडू नये, हा नियमही तिच्याच हट्टाने आला होता. ओळखीच्या माणसाच्या ट्रकविषयी लिहिताना हात सैल पडतो, हे तिने एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिले होते.

एकदा एका आगाराचा फोरमन फोनवर तिच्यावर भडकला. "अहो बाई, तुमचा दुसरा नमुना येईस्तोवर मी बस चालवू की उभी करू?"

"ते आम्ही सांगत नसतो."

"मग कोण सांगतं? ज्योतिषी?"

ती हसली नाही. फोन ठेवून तिने पुढची बाटली ओढली. तिच्या दृष्टीने प्रश्न संपला होता.

तिने लग्न केले नाही. धाकट्या भावाच्या घरातल्या वरच्या खोलीत ती राहत असे. भाऊ चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासत असे. दिवसभर यंत्राच्या घरघरीत गप्प बसावे लागल्याची भरपाई तो घरी करी. भावाला एकच मुलगी. ती बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालत असल्याने घरात तिला 'वकीलसाहेब' म्हणत. जेवताना पाणी का प्यायचे नाही, यावर तिने एकदा आत्याला अर्धा तास अडवून धरले होते, आणि शेवटी आत्यानेच सपशेल माघार घेतली होती.

या वकीलसाहेबांच्या रक्तात दोष निघाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. डोंगरमाथ्यावरच्या रुग्णालयात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले. ते निभावले, आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. तिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळजवळ उरली नव्हती. रुग्णालयाला तिची खाट हवी होती. पण पुढचे काही महिने तिने रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर, स्वतंत्र स्वयंपाकाच्या आणि स्वतंत्र न्हाणीच्या जागेत राहायचे होते. चार घरांची न्हाणी एक असेल अशा जागेत साधी सर्दीही तिचा जीव घ्यायला पुरेशी होती.

मुलीजवळ राहिलेली वहिनी रोज फोन करी. "आज आणखी दोन ठिकाणी जाऊन आले. आधी हसतात, चहा विचारतात. मग म्हणतात, मुलीला नेमकं काय झालंय? सांगितलं की खोली लगेच दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असते."

"खोटं सांग," भाऊ म्हणाला.

"टक्कल कुठे लपवू तिचं?"

अखेर रुग्णालयातल्या समाजसेविकेने वहिनीला खिडकीशी नेऊन मागचे मैदान दाखवले. तिथे तीन-चार मोटारहोम उभ्या होत्या. आत खाट, चूल, न्हाणी, सगळे असलेल्या लांबट गाड्या. अशाच पेशंटांची घरे त्यांत थाटली होती. रुग्णालय विजेची तार आणि पाणी देत होते, अट एवढीच की गाडी आपल्या चाकांवर आली पाहिजे. ओढून आणलेले भंगार मैदानात घेत नसत. महिनाअखेरीस खाट सोडायची होती. त्याआधी एक मोटारहोम डोंगर चढून त्या मैदानात उभी राहायला हवी होती.

जुनी गाडी सापडली ती एका निवृत्त पोस्टमनकडे. बायको गेल्यापासून ती त्याच्या अंगणात उभी होती. आतून ती इतकी नेटकी होती की भाऊ पाहून आला आणि जिन्यातूनच ओरडला, "ताई, कपाटांना आतून फुलाफुलांचा कागद लावलाय! तुझी खोली तरी अशी आहे का?"

"गिअरबॉक्स कसला आहे?"

"झालं हिचं सुरू. ऑटोमॅटिक आहे."

ऑटोमॅटिक म्हटल्यावर ताईचा चेहरा उतरला. इतक्या जड गाडीचा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढावर निकामी झाला तर तो दुरुस्त करण्याची त्यांची ऐपतही नव्हती आणि तेवढा अवधीही. तिने भावाला बाटली दिली, गाडी फिरवून तेल गरम असताना नमुना कसा घ्यायचा ते दोनदा समजावले. भावाने ते इमानेइतबारे केले. फॉर्मवर 'वाहनमालक' अशी जागा होती, तिथे त्याने साहजिकच पोस्टमनचे नाव आणि पत्ता लिहिला. गाडी अजून त्याचीच होती.

बाटली तिच्या टेबलावर आली तेव्हा तिच्यावर केवळ क्रमांक होता. त्या सकाळी तशा पुष्कळ होत्या. आपली बाटली यातली एक असेल हे तिला ठाऊक होते. कोणती, हे शोधून काढायचा मोह तिने आवरला, कारण नियम तिचाच होता. त्या क्रमांकाचे आकडे तिने नेहमीच्या थंडपणे वाचले. लोखंड बेताचे. तेलातली पूरक रसायने नव्या तेलात असतात त्याहून कमी, जुन्या तेलात उरतात त्याहून जास्त. म्हणजे तळाचे भांडे उतरवून अर्धेअधिक तेल नुकतेच बदललेले, बाकीचे जुने आतल्या पोकळ्यांत तसेच. सिलिकॉन चढलेले, पण सोबत धुळीतले ॲल्युमिनिअम नाही. म्हणजे ती धूळ नव्हे, भांडे परत बसवताना लावलेला ताजा चिकटद्रव. कोणीतरी आत हात घातला होता. तिने चौकटीत लिहिले : 'तेल अंशतः व अलीकडे बदललेले दिसते. निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. फेरनमुना पाठवावा.' आणि पुढची बाटली घेतली.

अहवाल नियमाप्रमाणे मालकाच्या पत्त्यावर गेला. तिच्या हाती त्याची प्रत लागेपर्यंत आठवडा उलटला होता. नावावर नजर पडली आणि ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली.

पोस्टमनकाकांनी दार उघडले ते हसतमुखाने. "या या, मी तुमच्याच फोनची वाट बघत होतो. काम करून टाकलं."

"कसलं काम?" भावाने विचारले.

"तुमच्या लॅबचं पत्र आलं ना. तेल धड नाही, पुन्हा पाठवा म्हणून. म्हटलं, लहान मुलीसाठी गाडी घेतायत, अर्धवट कशाला? गॅरेजात नेली, मशिन लावून सगळं तेल काढलं, थेंब न् थेंब. आता पाठवा तुमचा नमुना. आरशासारखा येईल!"

 भावाला काही कळले नव्हते. "मग बरंच झालं की," तो म्हणाला.

"जुनं तेल कुठंय?" तिने विचारले.

"जुनं? ते काय करायचंय?"

"काका, जुनं तेल कुठंय?"

ते गॅरेजात होते. म्हणजे गॅरेजच्या मागे, झाकण नसलेल्या लोखंडी पिंपात, आठवडाभरात आलेल्या प्रत्येक गाडीच्या तेलासह. ताईने पर्समधून बाटली काढली, बाही वर केली आणि ओणवी होऊन हात त्या काळ्या तेलात कोपरापर्यंत घातला. गॅरेजवाला पाहतच राहिला.

"ताई," भाऊ हळूच म्हणाला, "ते सगळ्या गावाचं तेल आहे."

तिने बाटली भरली. बूच लावले. हात पुसायला भावाने आपला रुमाल दिला, तेव्हा ती तो हातात धरून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "मीच लिहिलं होतं ते."

"काय?"

"पुन्हा पाठवा, हे. आपलीच बाटली होती, मला माहीत नव्हतं. आतलं अर्धं जुनं तेल हाच काय तो पुरावा होता. त्यांना वाटलं, तेल बदला म्हणतायत." ती थांबली. "आणि नुसता पुरावा गेला असता तरी एक वेळ ठीक. जुन्या गिअरबॉक्समधल्या, गिअर पकडून ठेवणाऱ्या पट्ट्या गुळगुळीत झालेल्या असतात. त्यांच्याच झिजेची पूड तेलात असते, तिच्यामुळे त्या कशाबशा पकड धरतात. ती धुऊन काढली की कधी कधी घसरायला लागतात. सगळ्याच नाही. कधी कधी."

"ही घसरेल?"

"मला सांगता येत नाही."



परत अंगणात आल्यावर तिने पोस्टमनकाकांना एकच प्रश्न विचारला. आधी अर्धे तेल कशासाठी बदलले होते? काका उगाच आरसा पुसू लागले. बायकोला घेऊन शेवटचा प्रवास केला, ते म्हणाले, तेव्हा एका चढावर इंजिन गुरगुरले आणि गाडी मात्र ओढेना. एकदाच. नंतर बायको आजारी पडली. गाडीत बसणार कोण? विकायला काढताना तेल बदलले, कुणाला फसवायचे म्हणून नव्हे. "माणूस पाहुणे यायच्या आधी घर झाडतो, तसं," ते म्हणाले.

आता आकड्यांतून काढण्यासारखे काही राहिले नव्हते. तरी त्या संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर तो अहवाल पसरला. जुन्या-नव्याचे प्रमाण धरून तिने मूळ लोखंड किती असेल ते मांडले. ते काळजी वाटावी इतके येत होते. पण ते अनेक वर्षांच्या प्रवासात साठलेले, की त्या एका चढावर उतरलेले? पहिले असेल तर गाडी निरोगी, दुसरे असेल तर संपलेली. त्याच आकड्यातून दोन्ही निघत होते. समोर भाऊ नखाने टेबलाचा रंग खरवडत होता.

"दुसरी गाडी नाही सापडणार?" तिने विचारले.

"कधी? खाट सोमवारी सोडायचीय."

"ही घेऊ नये, असं वाटतं मला."

"वाटतं? तुला वाटतं?" तो एकदम उसळला. "जन्मभर तुला कधी काही वाटलं नाही, आणि आज वाटायला लागलं? बरं, नाही घेत. मग तिला कुठे ठेवू? तुझ्या बाटलीत?"

 थोड्या वेळाने तोच निवळून म्हणाला, "ताई, डोंगर किती वेळा चढायचाय?"

"एकदा."

"मग मला जन्माचं नको सांगूस. एकदाचं सांग."

एकदाचे सांगणे तिच्या शास्त्रात नव्हते. तिने अहवालाची घडी केली आणि म्हणाली, "उद्या पहाटे निघू. ऊन व्हायच्या आत."

गाडी पोस्टमनकाकांनीच चालवायला घेतली. माझ्या हाताची आहे, ऐकेल, म्हणाले. सपाटीवर ती खरोखरच ऐकत होती. भाऊ मागे खाटेवर पडून कपाटांतल्या फुलांची टिंगल करत होता. चढ लागला आणि निम्म्यावर ताईला तो आवाज ऐकू आला : इंजिन वर चढत गेले आणि चाके मागेच राहिली. काकांनी पाय सैल सोडला. पकड परत आली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मग जळक्या तेलाचा वास.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि ती निवण्याची वाट पाहत कठड्यावर बसले. त्या शांततेत ताईने काकांना सांगितले की ते पत्र तिनेच लिहिले होते, आणि त्याचा अर्थ तेल बदला असा नव्हता.

काका दरीकडे बघत होते. "मी आयुष्यभर पत्रं वाटली," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघायचं नसतं आपण. पण हे माझ्याच नावाचं होतं, दोनदा वाचलं. बाई, बदलू नका, एवढे दोन शब्द घातले असते तर?"

"तसं लिहायची पद्धत नाही."

"हं," काका म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

शेवटची तीन वळणे राहिली असताना पुढचे सगळे गिअर गेले. दांडा कुठेही टाकला तरी इंजिन नुसते ओरडे. वर, झाडांमागे, रुग्णालयाची पांढरी भिंत दिसत होती. भाऊ खाली उतरला, चाकाला दगड लावले आणि त्या दगडांजवळच मटकन बसला. वहिनीचा फोन वाजत होता. तो उचलत नव्हता.

काकांनी सहज म्हणून रिव्हर्स टाकला. गाडी हलकासा झटका देऊन जागची हलली.

"मागचा धरतोय," ते म्हणाले.

"त्याच्या पट्ट्या वेगळ्या असतात," ताई म्हणाली. "सगळ्याच नाही, पण काही."

"मग उलटी चढवू. उतारावर थोडी सोडून वळवून घेतो."

रस्ता रुंद होता तिथे त्यांनी तिला कशीबशी उलट केली, आणि ती मोटारहोम पाठमोरी, इंचाइंचाने डोंगर चढू लागली. भाऊ मागे चालत हातवारे करत होता, "डावीकडे! डावीकडे म्हणतोय, तुमची नव्हे, माझी डावी!" समोरून उतरणारे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एकाने डोके बाहेर काढून विचारले, "काय हो, माघार घेताय की काय?" ताई शेजारून चालत होती, एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून, जणू तिच्या टेकूनेच ती उभी होती. पत्रा थरथरत होता. ती मनात काही मोजत नव्हती. इतक्या वर्षांत तिने प्रथमच एक यंत्र बाटलीबाहेर, सबंध, हाताखाली अनुभवले, आणि त्यातून तिला काहीही कळत नव्हते.

गाडी मैदानात पोचली ती पाठमोरीच. रखवालदाराने नियम आठवून पाहिला. चाकांवर आली होती, एवढे खरे. तो बाजूला झाला. उभी केल्यावर काकांनी रिव्हर्स पुन्हा टाकून पाहिला. आता तोही धरेना. ही गाडी इथून परत कशी न्यायची, हे त्या क्षणी कोणी विचारले नाही.

दुपारपर्यंत वहिनीने आतला प्रत्येक पृष्ठभाग औषधाच्या पाण्याने पुसून काढला. चार वाजता मुलगी आली, मास्क लावून, नर्सचा हात धरून. तिने फुलांचा कागद पाहिला, छोटी चूल पाहिली आणि विचारले, "ही उलटी का उभी आहे?"

"तुझ्या आत्याला विचार," भाऊ म्हणाला. "तिच्या खात्यातलं आहे."

"खरं सांग, आत्या."

"नंतर सांगते."

"नंतर म्हणजे कधी? तारीख द्या," वकीलसाहेब म्हणाल्या, आणि खाटेवर आडव्या झाल्या. घरातून निघाल्यापासून कोणी हसले नव्हते, ते तेवढ्यापुरते हसले.

दिवेलागणीच्या सुमारास वहिनीने थर्मामीटर पाहिला आणि परत पाहिला. पारा किंचित वर होता. नर्सने डॉक्टरबाईला बोलावले. तरुण, दमलेली बाई. ती दारातच मास्क नीट करून आत आली, मुलीला तपासले, रक्त घेतले आणि तासाभराने हातात कागद घेऊन परत आली. ताईने नकळत तो कागद घेण्यासाठी हात पुढे केला, आणि डॉक्टरबाईने, कोण जाणे का, तो तिला दिला. रकाने होते, आकडे होते. पांढऱ्या पेशी थोड्या होत्या. पण त्या वर चढताना थोड्या होत्या की खाली उतरताना, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. तिने तो दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"यावरून काय म्हणायचं?" वहिनीने विचारले.

"एका रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही," डॉक्टरबाई सौम्यपणे म्हणाली. "सकाळी पुन्हा सँपल घेऊ."

भाऊ खाली मान घालून पायरीवर बसला होता. काका अंधाऱ्या मैदानात गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते. डॉक्टरबाई जायला वळली तेव्हा ताई तिच्या मागे उतरली आणि तिने तिची बाही धरली.

"तोपर्यंत काय करायचं?"

डॉक्टरबाईने तिच्याकडे पाहिले. ताई बाही न सोडता तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.